सेनापति पेराँ आणि त्याचे टीकाकार

नेपोलियन हा आमच्या मराठी वाचकवर्गाचा जुना आवडता पुरुष आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार भावे यांच्यासारख्या जुन्या पोथ्यांत रमणाऱ्या संशोधकासही ‘चक्रवर्ती नेपोलियन’ लिहिण्याचा मोह आवरला नाहीं, यावरून ही आवड किती खोल आहे हें दिसून येईल. ऑस्टरलिट्झ आणि वॉटर्लू यांच्या हकीकती तोंडपाठ सांगणारे, मार्शल ने याच्या शेवटच्या चढाईचें वर्णन वाचतांना गहिंवरून येणारे गृहस्थ गिरगांवांत व दादरास पाहिजे तितके मिळतील. परंतु ज्या वर्षीं नेपोलियन पहिला कॉन्सल होऊन फ्रान्सचा धनी झाला, त्या १७९९ सालीं त्याचाच एक देशबांधव दौलतराव शिंद्यांच्या नांवानें दिल्ली व आग्रा हातीं घेऊन गंगायमुनांच्या दुआबांत जवळजवळ राजासारखा नांदत होता, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल याची आम्हांस शंकाच आहे. त्या सेनापतीचें नांव पेराँ. तो आमच्या इतिहासांत येतो तो बहुधा एका वाक्यापुरता, आणि तें वाक्यही शिवीचें असतें.

पिएर क्युइये हें त्याचें मूळ नांव. फ्रान्सच्या सार्त भागांत एका साधारण घरीं तो जन्मला. तरुणपणीं रुमाल विकीत हिंडे, असें कॉम्प्टननें लिहिलें आहे. फ्रेंच आरमाराबरोबर तो हिंदुस्थानांत उतरला, जहाज सोडून निघाला आणि गोहदकर राणा, भरतपूरकर जाट अशा दारोदारच्या चाकऱ्या करीत १७९० सालीं महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेंत दाखल झाला. त्या फौजेचा निर्माता डी बॉयन हा सॅव्हॉयचा राहणारा, म्हणजे त्या काळच्या हिशेबानें फ्रेंच नव्हेच. पेराँ मात्र अस्सल फ्रेंच. १७९२ सालीं कानौंदच्या किल्ल्यापुढें हातगोळा फुटून त्याचा एक हात गेला. तेव्हांपासून तो एकहाती सेनापतीच राहिला. डी बॉयन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून स्वदेशीं निघाला, आणि त्याच्या मागें सर्व कंपूंचें आधिपत्य कालांतरानें पेराँकडे आलें. पुढें सात-आठ वर्षांत हा रुमालविक्या बादशहाचा पालक, अलीगडचा धनी आणि कलकत्तेकर इंग्रजांच्या झोंपेचा वैरी झाला. सप्टेंबर १८०३ मध्यें, इंग्रजी फौज दारीं येऊन पंधरवडाही लोटला नाहीं तोंच, त्यानें राजीनामा लिहून शत्रूकडूनच वाटेचें संरक्षण मागितलें आणि तो चालता झाला.

या गृहस्थासंबंधानें आमच्याकडे दोन मतें रूढ आहेत, व दोन्ही आम्हांस सदोष वाटतात. पहिलें मत असें कीं, मराठ्यांचें खरें बळ घोड्याच्या पाठीवर व गनिमी काव्यांत. महादजी फिरंग्यांच्या नादीं लागला, पलटणी व तोफा यांच्या मोहांत पडला आणि तेथेंच राज्याचा घात झाला. दुसरें मत असें कीं, पलटणी ठीकच होत्या, परंतु पेराँ विश्वासघातकी निघाला. तो फितला नसता तर दिल्ली गेली नसती. पहिल्या मतानें दोष शस्त्रावर जातो, दुसऱ्यानें परक्यावर जातो. दोहोंतही शिंद्यांचा दरबार मात्र निर्दोष सुटतो, आणि या मतांच्या लोकप्रियतेचें रहस्य आम्हांस तेथेंच दिसतें.

पहिल्या मताचा उगम तपासण्यासारखा आहे. मराठ्यांनीं कवायती पायदळाच्या मागें न लागतां केवळ घोडदळ ठेविलें असतें तर ते अधिक दुर्जय झाले असते, असें आर्थर वेलस्लीसारख्या इंग्रज सेनानींनींच लिहून ठेविलें आहे. ज्यानें लढाई जिंकली त्याचें मत हरलेल्यांनीं शहाणपण म्हणून पाठ करावें हा चमत्कारिक प्रकार आहे. याच आर्थर वेलस्लीस वृद्धपणीं, आपल्या हातून झालेलें सर्वांत उत्तम रणकृत्य कोणतें, असें कोणी विचारलें तेव्हां त्यानें वॉटर्लूचें नांव घेतलें नाहीं, असईचें घेतलें. असईस २३ सप्टेंबर १८०३ रोजीं त्याच्यापुढें उभा होता तो गनिमी स्वारांचा थवा नव्हता. पोलमन नांवाच्या हानोव्हरच्या माणसाच्या हाताखालील शिंद्यांचें कवायती पायदळ व त्यांचा तोफखाना उभा होता. त्या दिवशीं वेलस्लीच्या सुमारें साडेचार हजारांपैकीं पंधराशेंहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. शिंदे व भोंसले यांचे हजारों स्वार त्या वेळीं त्याच मैदानावर होते. त्यांनीं काय केलें, हें असईचा वृत्तांत वाचणारास सांगावें लागत नाहीं.

फोर्टांत रीगल चित्रपटगृहासमोर वेलिंग्टनच्या नांवाचें जें कारंजें आहे, तें १८६५ सालीं बांधलें गेलें, याच आर्थर वेलस्लीच्या १८०१ व १८०४ सालच्या मुंबईच्या भेटींची आठवण म्हणून. दुसऱ्या भेटीच्या वेळीं तो असईचा विजय घेऊन आला होता. त्याचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली, याचा पुतळा भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. लालबाग-परळच्या वाचकांस तो घराशेजारींच म्हणावयाचा. दोघां भावांचीं स्मारकें एकाच शहरांत. ज्यांच्यावर त्यांनीं जय मिळविला त्या पलटणींची मात्र येथें कोणास आठवण नाहीं. असो.

घोडदळाचा पक्ष घेणारांस आम्ही आणखी दोन प्रसंगांची आठवण देतों. यशवंतराव होळकरानें १८०४ च्या पावसाळ्यांत कर्नल मॉन्सनची दाणादाण उडविली हें खरें, व तींत स्वारांचा मोठा वाटा होता हेंही खरें. परंतु त्याच वर्षीं १७ नोव्हेंबर रोजीं फर्रुखाबादेस लेकनें पहांटे त्याच यशवंतरावाच्या छावणीवर छापा घातला तेव्हां त्या स्वारांस पळतां भुई थोडी झाली. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस बापू गोखल्यांच्या घोडदळाची चाल कोठें व कां फुटली हें पुण्याच्या वाटेवरील प्रत्येकास माहीत आहे. बंदुकीची रांग न ढळतां उभी राहिली म्हणजे घोडा तीवर जात नाहीं, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर्व जगाला कळली होती. महादजीला ती पानिपतच्या मैदानावर, इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी पाहून कळली असावी, असें आमचें अनुमान आहे. तिच्यासाठीं त्याला दोष देणें म्हणजे पाहिल्याबद्दल डोळसास दोष देणें होय.

या पायदळानें काय साधलें याचा पुरावा खुद्द महाराष्ट्राच्या भूमीवर आहे, आणि त्याकडे आमच्या लेखकांनीं फार थोडें लक्ष दिलें आहे. ११ मार्च १७९५ रोजीं नगर जिल्ह्यांत खर्ड्यापाशीं पेशवे व निजाम यांची जी लढाई झाली, ती दोन फ्रेंच सेनापतींची लढाई होती असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. निजामाच्या बाजूस मुसा रेमाँ: हैदराबादेंत ‘मुसा रामबाग’ हें नांव ज्याच्यावरून पडलें तो. त्याच्या शिपायांच्या गुंड्यांवर फ्रेंच क्रांतीच्या स्वातंत्र्य-टोपीचें चित्र असे. शिंद्यांच्या बाजूस पेराँ. होळकरांच्या बाजूस आणखी एक फ्रेंच, द्युद्रनेक. सर्व मराठी फौजेंत शिंद्यांकडून मुख्य अधिकारी जिवबादादा बक्षी, आणि पेराँ त्यांच्या हाताखालीं. रेमाँच्या पलटणींनीं प्रथम चांगला जोर केला. परंतु पेराँच्या तोफा व भोंसल्यांचे बाण यांनीं निजामाचें घोडदळ विसकटलें, निजामानें रेमाँस माघारी बोलाविलें, आणि रात्रींच्या गोंधळांत सर्व मोगली लष्कर जनान्यासह खर्ड्याच्या लहानशा गढींत शिरलें. पुढें तह झाला तो सर्वांस माहीत आहे. आम्हांस येथें सांगावयाचें तें एवढेंच कीं, खर्ड्यास कवायती पायदळ व मराठी घोडदळ हीं एकमेकांचीं पूरक होतीं, आणि त्या दोहोंवर मराठी सरदाराचा हात होता. जिवबादादा १७९६ च्या आरंभीं वारले. खर्ड्याची ही व्यवस्था पुन्हां कधीं जुळली नाहीं.

आतां दुसरें मत. पेराँ फितला, यांत मूळ घटना खरी आहे. तिच्यावर पांघरूण घालण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. २९ ऑगस्ट १८०३ रोजीं लेक कोयलपुढें येतांच पेराँ स्वारांसह मागें हटला. ४ सप्टेंबरास अलीगडचा किल्ला दरवाजे फोडून इंग्रजांनीं घेतला. त्यानंतर पेराँनें लेकला पत्र लिहिलें. त्याची पुष्कळशी मिळकत कंपनीच्याच रोख्यांत गुंतलेली होती, असें त्याच्या काळचे लोक सांगत. ज्याची शिल्लक शत्रूच्या पेढींत त्यानें शत्रूशीं निकरानें लढावें ही अपेक्षा कोणताही शहाणा सावकार करणार नाहीं. डी बॉयननेंही आपली संपत्ति लखनौमार्गें इंग्रजी पेढ्यांतूनच युरोपांत नेली, आणि जातांना दौलतरावास सल्ला दिला कीं, इंग्रजांशीं लढण्याची पाळी आणण्यापेक्षां पलटणी मोडून टाकाव्या. त्या सल्ल्याचें कौतुक इंग्रज ग्रंथकार करितात. आम्हांस तो सल्ला प्रामाणिक वाटतो, परंतु नोकराचा वाटत नाहीं.

येथपर्यंत पेराँच्या निंदकांशीं आमचा विरोध नाहीं. विरोध पुढें आहे. पेराँ निघून गेला त्याच्या आधींच दौलतरावानें त्याच्या जागीं अंबूजी इंगळ्याची नेमणूक केली होती, आणि ही बातमी पेराँस लढाईच्या ऐन तोंडावर पोहोंचली. शत्रु दाराशीं असतां सेनापति बदलणारा धनी, आणि बदलीची बातमी कळतांच तलवार म्यान करणारा सेनापति, या दोघांत अधिक निंद्य कोण हें ठरविणें कठीण आहे. शिवाय पेराँस एवढें निरंकुश कोणी केलें? याचें उत्तर लखबादादा लाड यांच्या कहाणींत आहे.

लखबादादा हें नांव गिरगांवच्या सारस्वत वाचकांस तरी अपरिचित नसावें. १७८७–८८ च्या वाईट दिवसांत, महादजीचा सर्व उत्तरेकडील डाव विस्कटला असतां, इस्माइल बेगाच्या वेढ्यांतून आग्र्याचा किल्ला राखिला तो या माणसानें. कवायती फौज, उत्तरेंतले राजे, दुआबाचा वसूल, या सर्वांची माहिती असलेला, आणि पेराँवर वचक ठेवूं शकेल असा एकच मराठी अधिकारी त्या काळीं उत्तरेंत उरला होता व तो लखबा. परंतु महादजीच्या विधवा बाया व दौलतराव यांच्या भांडणांत तो बायांच्या बाजूस गेला; पुण्यांत त्याचा आधार असलेले बाळोबा तात्या पागनीस कैदेंत पडले; आणि सर्जेराव घाटग्याच्या कारभारांत दरबारानें लखबाचा पाठलाग करण्याचें काम सोंपविलें तें पेराँवर. मे १८०१ मध्यें दतियाच्या राज्यांत सोंढ्यास पेराँनें लखबाचा मोड केला, व त्या झटापटींत स्वतःही जखमी झाला. लखबा पुढें फार दिवस जगला नाहीं. म्हणजे ज्याच्या हातीं किल्ल्या देऊं नयेत त्याच्या हातीं त्या देऊन, किल्ल्या परत घेऊं शकणारा जो एक मनुष्य होता तो त्याच्याच हातून दरबारानें संपविला. दोन वर्षांनीं घरांत चोरी झाल्यावर चोराच्या जातीची चर्चा करण्यांत काय स्वारस्य आहे?

परका म्हणून पेराँ फितला, हें विधान तर मुळींच टिकत नाहीं. इब्राहिमखान गारदी हाही भाड्याचाच सरदार होता. त्याची लष्करी विद्या फ्रेंच बुसीच्या, म्हणजे आमच्या कागदांतील मुसा बुसीच्या, तालमींतली. पानिपतावर तो अखेरपर्यंत भाऊसाहेबांच्या बाजूनें लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. उलट पेराँच्या फौजेंत जेम्स स्किनर नांवाचा तरुण अंमलदार होता; बाप स्कॉच, आई राजपूत. युद्ध सुरू होतांच इंग्रजी रक्ताचे म्हणून पेराँनें जे अंमलदार काढून टाकले त्यांत स्किनरही निघाला. आपण शिंद्यांचीच चाकरी करण्यास तयार आहों, असें त्यानें पेराँला भेटून सांगितलें, आणि पेराँनें आतां सर्व संपलें म्हणून त्यास वाटेस लाविलें, असें स्किनरच्या आठवणींत आहे. तोच स्किनर पुढें लेककडे गेला व त्याचें रिसालें इंग्रजी फौजेचें भूषण झालें. शिंद्यांच्या फौजेंत तो राहण्यास तयार होता. त्याला राहूं देणारें कोणी नव्हतें. होळकरांच्या पदरच्या विकर्स, डॉड व रायन या तिघां अंमलदारांनीं स्वजातीयांविरुद्ध लढण्यास नकार दिला तेव्हां यशवंतरावानें १८०४ सालीं त्यांचीं डोकीं उडविलीं. तेंही पाऊल उशिराचेंच. शिरच्छेदानें शिपायांस नवा अंमलदार मिळत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत मांडावयाचें तर असें कीं, महादजीनें पलटणी विकत घेतल्या हें योग्य केलें, पण दरबारानें पलटण चालविण्याची विद्या कधीं विकत घेतली नाहीं. बंदुका आग्र्यास तयार होऊं लागल्या, तोफा सँग्स्टर नांवाचा स्कॉच ओतूं लागला, जखमी शिपायास भरपाई मिळूं लागली, दुआबांतील नेमलेल्या परगण्यांच्या वसुलांतून पगार वेळच्या वेळीं वाटला जाऊं लागला. या सर्व गोष्टी त्या काळच्या मराठी लष्करांत अपूर्व होत्या. परंतु तो वसूल करी सेनापति, पगार वाटी सेनापति, हिशेब ठेवी सेनापति. शिपाई बहुतेक अयोध्या, रोहिलखंड व दुआब येथील. त्यांनीं शिंद्यांस पाहिलेंही नसेल. त्यांच्या वरचे जमादार व सुभेदार एतद्देशीय, पण त्यांच्या वरची प्रत्येक पायरी युरोपीयाची. बारा-तेरा वर्षांत एकाही मराठी वा हिंदुस्थानी माणसास पलटणीचा मुख्य म्हणून तयार करण्याचा प्रयत्न झाल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. पागनीस, घाटगे, इंगळे हे सारे पुण्याच्या वा ग्वाल्हेरच्या मसलतींत गुंतलेले. कवायत हें हलक्या माणसाचें काम, हा समज त्यांच्यांत दृढ असावा.

इतिहासकारांपैकीं सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२८ सालीं मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर लिहितांना या फौजेचें राष्ट्रीय स्वरूप नष्ट झालें यावर भर दिला. तो यथार्थ आहे, परंतु शिपाई परप्रांतीय असणें हें त्यांतील मुख्य पाप नव्हे. कंपनीचे शिपाई तरी कोठें इंग्रज होते? तेही त्याच अयोध्येचे, कधीं कधीं त्याच घरचे. अलीकडे, २००३ सालीं, रँडॉल्फ कूपर यांनीं आपल्या ग्रंथांत उलट बाजूनें दाखविलें कीं, शस्त्रास्त्रांत शिंद्यांची फौज इंग्रजांहून उणी नव्हती. इंग्रजांनीं पैशाच्या बळावर शत्रूचे अंमलदार फोडले. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानें शिंद्यांच्या चाकरींतील अंमलदारांस पगाराचें आश्वासन दिलें आणि ते आले, हें खरेंच आहे. ज्यांस घोडदळाच्या पुराणाचा कंटाळा आला असेल त्यांनीं कूपर यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र पैसा टाकतांच पलटण कां कोलमडावी, या प्रश्नाचें उत्तर बाजारांत नसून दरबारांत आहे असें आम्हांस वाटतें.

कारण पलटण कोलमडलीच नाहीं. अलवारच्या मुलखांत लासवारी येथें १ नोव्हेंबर १८०३ रोजीं लेकच्या पुढें शिंद्यांच्या ज्या पलटणी उभ्या राहिल्या त्यांत युरोपीय अंमलदार जवळजवळ उरले नव्हते. पेराँ गेला होता, द्युद्रनेक गेला होता, बूर्कँ दिल्लीस हरून शरण आला होता. तोफांजवळून तोफवाले हलले नाहींत, संगिनींवर पडले तेथेंच राहिले. लेकचे आठशेंहून अधिक लोक कामास आले. आपण अशा बिकट प्रसंगांत कधीं सांपडलों नव्हतों, आणि या लोकांवर फ्रेंच अंमलदार असते तर निकाल संशयितच होता, अशा आशयाचें लेकनें कलकत्त्यास लिहिलें. त्याचे शब्द आमचे लेखक अभिमानानें उतरून घेतात. परंतु त्यांतील दुसरा अर्धा भाग कोणी नीट वाचीत नाहीं. शिपाई होता, तोफ होती, धैर्य होतें. हुकूम देणारा नव्हता, आणि तो निर्माण करण्याचा विचार कोणाच्या डोक्यांत आला नव्हता. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगांवच्या तहांत शिंद्यांनीं फ्रेंचांस किंवा इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील कोणासही चाकरीस ठेवूं नये असें कलम इंग्रजांनीं घातलें. एतद्देशीय अंमलदारांविषयीं त्यांस कलम घालावें लागलें नाहीं.

त्याच सुमाराची आमच्या शहरांतील एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तह होऊन वर्ष व्हावयाच्या आंत, नोव्हेंबर १८०४ मध्यें, परळच्या सरकारी बंगल्यांत, म्हणजे आज जेथें हाफकिन संस्था आहे त्याच इमारतींत, मुंबईचा रेकॉर्डर सर जेम्स मॅकिन्टॉश यानें मुंबईची वाङ्मयमंडळी स्थापन केली. एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा ती हीच. मॅकिन्टॉश परत गेला, त्याच्या मागून आलेले गेले, मंडळी राहिली. डी बॉयन गेल्यावर मागें राहिला तो पेराँ, आणि पेराँ गेल्यावर कोणीच नाहीं.

आतां पेराँच्या चरित्रग्रंथांविषयीं दोन शब्द. इंग्रजीत आधार म्हणून आजही कॉम्प्टनचा १८९२ सालचा ग्रंथ हाताशीं घ्यावा लागतो. माहिती भरपूर, भाषा रसाळ. परंतु डी बॉयन हा इंग्रजांशीं मैत्रीनें राहिला म्हणून सद्गुणांचा पुतळा, आणि पेराँ हा इंग्रजांस भीतिदायक वाटला म्हणून कपटी व क्षुद्र, असा त्याचा तराजू आहे. तो तराजू न तपासतां आमच्याकडील कांहीं लेखकांनीं उचलला, ही खेदाची गोष्ट आहे. पेराँ क्षुद्र असेलही. फ्रान्सांत परतल्यावर त्यानें फ्रेन येथें मोठी जमीन घेतली व १८३४ सालीं तेथेंच तो वारला, आणि त्याच्या उत्तरायुष्यांत स्मरणीय असें कांहीं नाहीं. परंतु त्याला न्याय द्यावयाचा तो शिंद्यांच्या कागदांवरून. लेकच्या पत्रांवरून नव्हे. पारसनीसांनीं दिल्लीच्या राजकारणाचे कागद छापून एक शतक लोटलें. सरदेसाई व यदुनाथ सरकार यांनीं पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार १९३६ पासून मुंबई सरकारकडून प्रसिद्ध करविला. त्यांत पेराँ, लखबा, कंपूंचे पगार, थकबाक्या यांविषयीं जागोजाग उल्लेख आहेत. ते एकत्र करून मराठींत कोणीं लिहील तर आम्ही त्याचें स्वागत करूं. मात्र त्या लेखकास आमची एक सूचना आहे. पेराँच्या एका हाताची कथा त्यानें थोडक्यांत आटपावी, आणि लासवारीच्या तोफांपाशीं पडलेल्या सुभेदार-जमादारांचीं नांवें, गांवें व पगार कोणत्या दफ्तरांत सांपडतात काय, तें आधीं पाहावें.